‘मलाबी शाळंत जायचं’: अडीच वर्षांच्या हट्टाला खर्च किती?

जूनच्या मध्याला शाळा उघडल्या की कन्नड तालुक्यातल्या पिशोरच्या रस्त्यावर सकाळी सगळीकडे गणवेश दिसतात. जिल्हा परिषदेच्या शाळेची पोरं घोळक्याने पायी निघतात, वस्त्यांवरून भरलेल्या व्हॅन येतात, आणि बऱ्याच घरांच्या उंबऱ्यावर एक धाकटं उभं असतं. वय अडीच, फार तर पावणेतीन. पायात दादाची चप्पल, तीही उलटसुलट. पाठीवर ताईचं गेल्या वर्षीचं दप्तर, गुडघ्यापर्यंत लोंबणारं. आत काय, तर एक चमचा आणि अर्धा बिस्किटपुडा. ‘मलाबी शाळंत जायचं’ हे त्याचं एकच पालुपद. ताई वळणावरून दिसेनाशी झाली की रडून रडून घर डोक्यावर घेतं.

हा हट्ट गोड आहे आणि निरोगीही आहे. अडचण एवढीच की तो नेमका जूनमध्ये येतो. कन्नड तालुक्यात त्याच आठवड्यात मका, कपाशी, अद्रकीच्या मागे घरातला पैसा चाललेला असतो. बियाणं, खत, मजुरी यांनी हात रिकामा होतो, आणि तेवढ्यात कुणीतरी सांगतं, ‘एवढं रडतंय तर नर्सरीत टाका की, दहा हजार तर फी आहे.’ लेकराच्या डोळ्यांत पाणी असताना आई-बापाला हिशेब सुचत नाही. म्हणून तो आधीच करून ठेवावा, यासाठी हा लेख. माझं मत सुरुवातीलाच सांगते. तीन वर्षं पूर्ण होण्याआधी कुठेही वर्षाची फी भरू नका. तीन पूर्ण झाल्यावर पहिली चक्कर आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीत मारा. खासगी नर्सरीचा विचार त्यानंतर.

हट्ट कशाचा असतो

अडीच वर्षांच्या मुलाला अक्षरं नको असतात. त्याला बरोबरीची पोरं हवी असतात, पाठीवर काहीतरी हवं असतं, स्वतःचा डबा हवा असतो, आणि घराबाहेर आपल्या नावाने हाक मारणारं कुणीतरी हवं असतं. ताई जिथे रोज जाते ती जागा आपल्यालाही असावी, एवढंच त्याचं म्हणणं. या सगळ्या गोष्टी जवळपास फुकट मिळतात.

हे ओळखणारी माणसं महाराष्ट्रातच होऊन गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला, आजच्या पालघर जिल्ह्यात, ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना तिथे रुजली. पुढे कोसबादला त्यांच्यासमोर दुसरी अडचण आली. मोठी मुलगी शाळेत येऊ शकत नव्हती, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड होतं. त्यावर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि या रचनेला विकासवाडी म्हटलं. थोरली वर्गात बसायची आणि धाकटं शेजारच्या खोलीत खेळायचं. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं.

हा इतिहास सांगायचं कारण असं की, अंगणवाडी म्हणजे ज्यांना परवडत नाही त्यांची शाळा, हा समज आपल्याकडे फार पक्का बसला आहे. खरं पाहिलं तर ताईच्या मागे धावणाऱ्या या मुलासाठीच तिचा विचार झाला होता. जिथे अंगणवाडी जिल्हा परिषद शाळेच्या आवारातच भरते, तिथे तर थोरलीचं बोट धरून धाकट्याला जाता येतं. हट्टावर याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

आधी वय मोजा, मग पैसे

पालकांचा सर्वांत जास्त पैसा इथे वाया जातो, म्हणून हे सावकाश वाचा.

महाराष्ट्र शासनाच्या १८ सप्टेंबर २०२० च्या निर्णयानुसार, ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला मुलाचं वय प्लेग्रुप किंवा नर्सरीसाठी ३ वर्षं आणि पहिलीसाठी ६ वर्षं पूर्ण हवं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही ३ ते ६ हा शाळापूर्व टप्पा आणि ६ व्या वर्षी पहिली अशीच मांडणी आहे.

आता शेजारच्या दोन घरांतली दोन मुलं घ्या. एक १५ ऑगस्ट २०२३ चं, दुसरं १५ जानेवारी २०२४ चं. दोघांत अंतर पाच महिन्यांचं. ३१ डिसेंबर २०२६ ला पहिलं ३ वर्षं ४ महिन्यांचं होतं, म्हणजे जून २०२६ ला नर्सरीत चालतं आणि २०२९-३० मध्ये पहिलीत जातं. दुसरं त्या तारखेला २ वर्षं ११ महिन्यांचंच असतं. त्याची नर्सरी २०२७-२८ ला आणि पहिली २०३०-३१ ला. शेजारचा चालला म्हणून दुसऱ्यालाही त्याच जूनमध्ये घातलं, तर त्याची सिनियर केजी संपेल तेव्हा पहिलीचं वय झालेलं नसेल. मग एक तर एखादा वर्ग पुन्हा करायचा, नाही तर वर्षभर घरी बसायचं. दोन्हींत एका वर्षाची फी पाण्यात जाते, आणि मुलाला ‘तू मागे राहिलास’ हे ऐकावं लागतं ते वेगळंच.

‘आम्ही जन्मतारखेचं बघून घेऊ’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. तारीख बदलण्याचा उद्योग दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत मुलाचा पिच्छा सोडत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पहिलीच्या वयाच्या अटीला काही पालकांनी आव्हान दिलं होतं. २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने ते फेटाळलं आणि तीन वर्षांखालच्या मुलांना शाळापूर्व वर्गात जबरदस्तीने पाठवणं हे बेकायदा कृत्य असल्याचं सुनावलं.

अंगणवाडी: फी शून्य, पण डोळ्यांनी बघून या

अंगणवाडीत प्रवेश फी नाही, महिन्याची फी नाही, परीक्षा नाही. ३ ते ६ वयाच्या मुलांना खेळ, गाणी, गोष्टी, आणि गरम शिजवलेला आहार मिळतो. ६ महिने ते ३ वर्षं वयाच्या बाळांसाठी घरी न्यायचा आहार असतो. तेव्हा तुमचं लेकरू अजून अडीचचं असलं तरी त्याचं नाव नोंदवलेलं असलंच पाहिजे. वजन-उंचीची नोंद आणि लसीकरणही याच व्यवस्थेतून होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासतं. डोळे, दात, हृदय, ऐकणं-बोलणं, सगळं. दोष निघाला तर पुढचे उपचारही मोफत. खासगी नर्सरीत घातलं तरी अंगणवाडीतली ही नोंद तोडू नका.

अजून तीन पूर्ण नसतील तर अंगणवाडीच्या ताईंना विचारून आजी किंवा आईने मुलाला घेऊन सकाळी अर्धा-पाऊण तास जाऊन बसावं. बहुतेक ठिकाणी ताई नाही म्हणत नाहीत. तिथे सतरंजीवर मुलं गोल बसतात, हजेरीला ‘हजर बाई’ म्हणून ओरडतात, बडबडगीत होतं, मग ताटली-वाटी वाजायला लागतात. एवढ्यावर अर्ध्याअधिक मुलांचा हट्ट शांत होतो. काही मुलं तर तिसऱ्या दिवशी घरी जाऊया म्हणतात. तेही बरंच झालं. वर्षाची फी भरून ते कळण्यापेक्षा फुकट कळलं.

पण अंगणवाडी आहे म्हणजे सगळं छान आहे, असं मी म्हणणार नाही. ताईंच्या डोक्यावर आहार, नोंदवह्या, मोबाइलमधली माहिती, गरोदर माता, सर्वेक्षण असा ढीग असतो आणि शिकवण्याचा वेळ त्यातून काढायचा असतो. म्हणून न सांगता दोन वेगवेगळ्या दिवशी जाऊन बघा. मुलं आहार घेऊन लगेच घरी जातात की तासभर तरी काही खेळ होतो? पिण्याचं पाणी झाकलेलं आहे का? लहान मुलाला वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का, की तिथे कुलूप आहे? जवळ उघडी विहीर, हौद, रस्ता आहे का, आणि दाराला कडी आहे का? खेळणी कपाटात प्लॅस्टिकमध्ये बांधलेली आहेत की मुलांच्या हातात? राज्यात अंगणवाडीसाठी ‘आकार’ नावाचा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम तयार झालेला आहे. या महिन्यात त्यातलं काय घेताय, असं ताईंना आपुलकीने विचारा. विचारणारे पालक असले की अंगणवाडी सुधारते, हे मी अनेक गावांत पाहिलं आहे. काही कमी असेल तर आधी ताई, मग पर्यवेक्षिका, मग कन्नडचं बालविकास प्रकल्प अधिकारी कार्यालय, या क्रमाने जा आणि शक्यतो लेखी द्या.

तुमचा खर्च इथे किती? पाण्याची बाटली, एक रुमाल, मळले तरी चालतील असे दोन जोड कपडे, चप्पल. बाटली आणि रुमाल दोन-अडीचशेत होतात, बाकी घरात असतंच. ज्या दप्तरासाठी एवढं रडणं झालं ते अगदी लहान, हलकं घ्या, दोन-तीनशेच्या आतलं. २०२० च्या केंद्रीय दप्तर धोरणात पूर्वप्राथमिकच्या मुलांना दप्तरच नको असं म्हटलं आहे. पण मुलाच्या दृष्टीने दप्तराशिवाय शाळा नाही, तेव्हा रुमाल आणि बाटली ठेवायला ते असू द्या.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी एक सूचना. इथलं नाव असलं तरी कारखान्याच्या गावातल्या अंगणवाडीत मुलाला आहार आणि लस मिळण्याचा हक्क आहे. निघताना लसीकरणाचं कार्ड सोबत घ्या आणि ताईंना स्थलांतराची नोंद करायला सांगा.

खासगी नर्सरी: ‘दहा हजार’ म्हणजे नेमके किती

अंगणवाडी लांब आहे, बंदच असते, किंवा इंग्रजी माध्यमाचंच ठरलं आहे, अशी कारणं असू शकतात. खासगी नर्सरी घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. फक्त फी एका आकड्यात ऐकू नका.

समजा, शाळेने वर्षाची फी १०,००० सांगितली. हा आकडा उदाहरणासाठी आहे, तुमच्या शाळेचा त्याजागी घाला. त्यावर प्रवेश फी २,०००. पुस्तकं आणि ‘किट’ २,०००. गणवेशाचे दोन जोड १,६००, बूट-मोजे ५००. व्हॅनचे महिना ७०० प्रमाणे दहा महिन्यांचे ७,०००. स्नेहसंमेलनाचा पोशाख, फोटो, सण-उत्सवांची वर्गणी धरून ९००. बेरीज २४,०००. म्हणजे सांगितलेल्या फीच्या दुपटीहून जास्त.

आता हाच आकडा दिवसांवर मांडा. शाळेचे २०० दिवस धरले तर दिवसाला १२० रुपये. पण पहिल्या पावसाळ्यात लहान मूल सर्दी, ताप, जुलाब यांनी बऱ्याचदा घरी राहतं. ते १५० दिवसच गेलं तर दिवसाला १६०. आणि खुरपणीच्या रोजात मोजायचं तर ३०० रुपये रोजाने पूर्ण ८० दिवसांची मजुरी. परवडत असेल तर जरूर द्या. पण वय न मोजता एक वर्ष आधी घातलं तर जादा जातात ते हे २४,०००.

पैसे भरण्याआधी शाळेकडून सगळी रक्कम एका कागदावर, सही-शिक्क्यासह लिहून घ्या. व्हॅनचे पैसे दहा महिन्यांचे की बारा महिन्यांचे, पुढच्या वर्षी प्रवेश फी पुन्हा लागणार का, आणि मूल पहिल्या महिन्यात रमलं नाही तर किती पैसे परत मिळणार, ही तीन उत्तरं त्या कागदावर पाहिजेत. तिसरं सर्वांत महत्त्वाचं. फी परतीचा वाद ग्राहक आयोगात टिकेल या भरवशावर राहू नका. शिक्षण संस्थांचं शिकवण्याचं काम ग्राहक कायद्याखाली येत नाही, अशी भूमिका राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये घेतली. म्हणून वर्षाची रक्कम एकदम देण्याऐवजी महिन्याने किंवा तिमाहीने द्या. जूनमध्ये थोडी आणि मका-कापूस विकल्यावर दिवाळीनंतर उरलेली, असं विचारायला संकोच करू नका. शेतकऱ्यांच्या गावातली शाळा हे समजून घेते, आणि घेत नसेल तर तेही आधीच कळलेलं बरं.

‘डोनेशन’ मागितलं तर पावती मागा. १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने राज्यात अशी वसुली बेकायदा आहे. शाळापूर्व शिक्षणाच्या फीवर जीएसटी लागत नाही, तेव्हा पावतीत तो दिसला तर हिशेब विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेन्सिल, रंगखडू, खोडरबर आणि वह्यांवरही जीएसटी राहिलेला नाही. ‘किट’ शाळेतूनच घ्या म्हणत असतील तर त्यातल्या वस्तूंची यादी मागून पिशोरच्याच दुकानात भाव काढून बघा. घरात पगारदार कुणी असेल आणि जुन्या करपद्धतीत विवरण भरत असेल, तर दोन मुलांपर्यंतची शिकवणी फी, नर्सरीचीसुद्धा, दीड लाखाच्या एकत्रित वजावटीत धरता येते. व्हॅन आणि देणगी मात्र त्यात बसत नाही.

व्हॅनबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. नाचनवेल, करंजखेड्याकडून किंवा मधल्या तांड्या-वस्त्यांवरून तीन वर्षांचं मूल कोंबलेल्या गाडीत पाठवणं मला पटत नाही. ते झोपतं, खिडकीतून हात काढतं, आणि उतरवलं की नाही हे त्याला सांगता येत नाही. २०११ च्या राज्याच्या स्कूल बस नियमावलीने शाळेला परिवहन समिती बंधनकारक केली आहे. गाडीत मदतनीस, प्रथमोपचार पेटी, आग विझवण्याचं साधन हे सगळं लागतं. गाडीची कागदपत्रं आणि मदतनीस बाई स्वतः बघा. मदतनीस नसेल तर नर्सरीच्या मुलासाठी ती गाडी नको. फी कितीही कमी असली तरी घराजवळची साधी बालवाडी लांबच्या चकचकीत शाळेपेक्षा या वयाला बरी.

सुरक्षेचंही विचाराच. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहानग्या मुलींवर अत्याचार झाल्यानंतर शासनाने शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती याबाबत स्पष्ट आदेश काढले. मुलाला स्वच्छतागृहात कोण नेतं, हा प्रश्न विचारताना लाजू नका. २०२५ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं आहे. ती झाली आहे का, हे दाखवायला सांगा.

आणि शिकवणं? तीन वर्षांच्या मुलाला रोज पानभर एबीसीडी गिरवायला देणारी नर्सरी चांगली नसते. त्या वयात बोटांत पेन्सिल धरायची ताकदच आलेली नसते. दप्तर धोरणात तर दुसरीपर्यंत गृहपाठ नको असंच सांगितलं आहे. वर्गात माती, ठोकळे, गाणी दिसली तर पैसे कारणी लागतील.

आरटीईची जागा मिळते का

शिक्षण हक्क कायद्यातली २५ टक्के मोफत जागांची तरतूद शाळेच्या प्रवेशाच्या पहिल्या वर्गाला लागू होते. शाळेत नर्सरी असेल तर ती काही ठिकाणी तिथूनच मिळते. मात्र फक्त ‘प्ले स्कूल’ असलेल्या ठिकाणी ही सवलत नाही, पुढे प्राथमिक वर्ग असलेली शाळाच हवी. आर्थिक दुर्बल घटकासाठी वर्षाचं उत्पन्न १ लाखाच्या आत असल्याचा दाखला लागतो. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त-भटके, इतर मागास यांसारख्या वंचित घटकांना उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला लागतो. अर्ज ऑनलाइन, विनाशुल्क, आणि निवड सोडतीने. तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे जानेवारीपासूनच पंचायत समितीच्या शिक्षण विभागात चौकशी ठेवा. अर्ज भरून देण्याचे कुणी हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नका. सोडतीत नंबर लावून देतो म्हणणाऱ्याला तर मुळीच देऊ नका.

२०२४ च्या फेब्रुवारीत शासनाने नियम बदलला होता. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट, असा तो बदल. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो रद्द केला, त्यामुळे ती सूट राहिली नाही.

कागदं आत्ताच करून ठेवा

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू झाला. त्या तारखेला किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळा प्रवेशाला जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच चालतो. वरच्या उदाहरणातल्या जानेवारी २०२४ च्या मुलाला हे लागू आहे. नोंद २१ दिवसांत केली तर फुकट होते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जातं आणि चकरांचा खर्च सुरू होतो. दाखल्यावर मुलाचं नाव अजून चढवलं नसेल तर जिथे नोंद झाली त्या ग्रामपंचायतीत किंवा दवाखान्यात जाऊन चढवून घ्या. आई-बापाची नावं आधारप्रमाणेच आहेत ना, हे एकदा ताडून पाहा. स्पेलिंगच्या एका अक्षरासाठी नंतर प्रतिज्ञापत्रं करावी लागतात.

पाच वर्षांखालच्या मुलाचं आधार विनामूल्य निघतं, बोटांचे ठसे लागत नाहीत. पाच पूर्ण झाल्यावर ठसे-डोळ्यांची नोंद करायची, तीही वेळेत केली तर मोफत. पण आधार नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे.

मुलगी असेल तर हा भाग दोनदा वाचा. १ एप्रिल २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीला, घरात पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर ‘लेक लाडकी’ योजना लागू आहे. जन्मानंतर ५,०००, पहिलीत गेल्यावर ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ पूर्ण झाल्यावर ७५,०००. एकूण १ लाख १ हजार. अर्ज अंगणवाडी ताईंकडेच द्यायचा असतो. नर्सरीच्या चौकशीला निघालेल्या कितीतरी घरांत हा अर्ज भरायचा राहून गेलेला असतो.

तोवर घरातच शाळा भरवा

वय बसायला आठ-दहा महिने असतील तर ते घरात छान जातात. ताई संध्याकाळी शाळेतून आली की तिला बाई करा आणि धाकट्याला विद्यार्थी. हजेरी घ्यायची, घंटा वाजवायची, डबा खायचा. पाटी, खडू, चिखल, जुन्या बांगड्या, मोठी झाकणं एवढं साहित्य पुरतं. पोळ्याला बैल करायची माती आणतो ती थोडी वर्षभर ओली ठेवा. बोटांना त्याहून चांगला व्यायाम नाही. एक सावधगिरी मात्र पाळा. मक्याचे दाणे, चिंचोके, हरभरे असल्या बारीक वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात खेळायला देऊ नका. त्या नाकात-कानात जातात आणि मग डॉक्टरकडे धावावं लागतं.

कधीतरी थोरलीच्या शाळेत पंधरा मिनिटं नेऊन आणा. पहिलीच्या वर्गात रोज बसवायला मात्र गुरुजींना गळ घालू नका. त्याचं नाव हजेरीपटावर नसतं आणि जबाबदारी कुणाचीच राहत नाही. पहिलीत दाखल व्हायची वेळ आली की जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘पहिले पाऊल’ हा शाळापूर्व तयारी मेळावा होतो, एकदा उन्हाळी सुटीआधी आणि पुन्हा जूनमध्ये. तोही मोफत आहे. आई-आजीने सोबत जायचं असतं.

या आठवड्यात तीन कामं करा. मुलाचा जन्म दाखला काढून बघा, ३१ डिसेंबरचं वय मोजा, आणि सकाळच्या वेळेत अंगणवाडीत जाऊन ताईंकडे नाव नोंदवून या. नाव नोंदवायला एक रुपयाही लागत नाही. कुणी मागितला तर कन्नडच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात लेखी तक्रार द्या.